मालवणचा समुद्र, उतारवयातल्या पावलांनी

मालवणच्या आसपास चांगले किनारे किती, असे कुणी विचारले तर उत्तर सोपे आहे. उत्तरेला आचऱ्यापासून दक्षिणेला भोगव्यापर्यंत जिथे जिथे खडक संपतो, तिथे तिथे पुळण सुरू होते आणि त्यांतली प्रत्येक पुळण देखणी आहे. अवघड प्रश्न वेगळाच आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, मधुमेह आणि रक्तदाब यांची सोबत घेऊन फिरणाऱ्या माणसासाठी यांतला सर्वांत चांगला किनारा कोणता? पर्यटनाच्या पत्रकांत याचे उत्तर सापडत नाही, कारण ती पत्रके धडधाकट पायांसाठी लिहिलेली असतात.

हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी तारकर्लीला गाड्या उभ्या असतात तिथे थोडा वेळ थांबून पाहावे. तीन-चार गाड्यांच्या मागच्या आसनावर काच खाली करून बसलेली वयस्क माणसे हमखास दिसतात. घरची मंडळी पाण्यात असतात. यात निष्ठुरपणा कुणाचाच नसतो. "आई, तुला झेपायचं नाही, तू इथेच बस," हे काळजीपोटीच म्हटलेले असते. आणि "तुम्ही जाऊन या, मला इथूनही दिसतंय," हे आईचे उत्तरही मायेचेच असते. प्रत्यक्षात तिथून समुद्र दिसत नाही. दिसतात ती सुरूची खोडे आणि पुढच्या गाडीची पाठ.

जवळजवळ तीस वर्षे सामान्य वैद्यकीय व्यवसाय केल्यानंतर मला या संवादाची काळजी वाटू लागली आहे. वृद्धापकाळात पडणे धोक्याचे असते, हे खरेच. पण पडण्याच्या भीतीने चालणे सोडले, की स्नायू झिजतात, तोल बिघडतो आणि पडण्याचा धोका आणखी वाढतो. मग फिरणे अंगणापुरते उरते, नंतर खोलीपुरते. या साखळीची एखादी कडी तोडायची असेल, तर "जाऊ नका" एवढाच सल्ला पुरत नाही. कुठे, केव्हा आणि कसे जावे, हे सांगावे लागते. मी कोल्हापूरचा. फोंडा घाट उतरून चार-साडेचार तासांत मालवण गाठता येते. पूर्वी मुलांना घेऊन जात असे. अलीकडची काही वर्षे आई आणि मावशी यांना घेऊन जातो. त्या फेऱ्यांतून जमलेले हे टिपण आहे.

वाळू ओळखावी

किनारा कोणताही असो, तिथे वाळूचे तीन पट्टे असतात. पहिला, माडांच्या सावलीपासून भरतीच्या रेषेपर्यंतचा, कोरड्या भुसभुशीत वाळूचा. दुसरा, भरती आणि ओहोटी यांच्या मधला, ओल्या आणि घट्ट वाळूचा. तिसरा, लाटेच्या पाण्याखालचा, क्षणोक्षणी सरकणारा.

कोरड्या वाळूवर चालताना सपाट रस्त्याच्या तुलनेत दुपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते. टाच रुतते, घोटा वाकडा पडतो, काठी आत जाते आणि वॉकरची चाके तर फिरतच नाहीत. हृदयविकार असलेल्या माणसाला धाप लागते ती बहुधा याच पट्ट्यात. ओली घट्ट वाळू मात्र पायाला आधार देते आणि फरशीइतकी कठीणही नसते. दुखऱ्या गुडघ्यांना याहून सुखकर वाट क्वचितच मिळेल. तिसरा पट्टा फसवा आहे. लाट माघारी फिरताना टाचेखालची वाळू घेऊन जाते आणि त्याच वेळी सरकत्या पाण्याकडे पाहणाऱ्याला आपणच मागे ओढले जात आहोत, असा भास होतो. उतारवयात आतल्या कानाची आणि पायांची जाणीव मंदावल्याने तोल डोळ्यांवर अधिक विसंबून असतो. डोळे आणि पाय एकाच वेळी फसले, की माणूस कोसळतो. म्हणून पाण्यात उभे राहायचेच असेल तर घोट्यापर्यंतच्या पाण्यात, कुणाचा तरी हात धरून, नजर पायांजवळच्या पाण्याऐवजी क्षितिजावर ठेवून उभे राहावे. समुद्राकडे पाठ कधीही करू नये.

यावरून किनारा निवडण्याचे चार प्रश्न ठरतात. गाडी थांबते तिथून घट्ट वाळूपर्यंत कोरड्या वाळूतून किती पावले चालावे लागते? पाण्याकडचा उतार सौम्य आहे की एकदम खोल जाणारा? लाटांना खडकांचा काही आडोसा आहे का? आणि सावली, बसण्याची जागा व कमोड असलेले स्वच्छतागृह हाकेच्या अंतरावर आहे का? घरातल्या एखाद्या तरुणाने पुढे जाऊन पाच मिनिटांत हे पाहून यावे. तोवर ज्येष्ठांना गाडीतून उतरवू नये.

पंचांगातली ओहोटी

किनाऱ्याइतकीच वेळही निवडावी लागते. एकच पुळण सकाळी अंगणासारखी सपाट आणि संध्याकाळी जेमतेम दहा पावलांची, असे होते. कोकणात भरतीची वेळ काढण्याची एक जुनी रीत आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षातही प्रतिपदेपासून पुन्हा तसेच मोजावे. ओहोटी त्याच्या आधी आणि नंतर सुमारे सहा तासांनी असते. हा हिशेब ढोबळ आहे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरावा आणि नक्की वेळ तिथल्या मच्छीमारांना विचारावी.

आपल्या कामापुरता त्याचा अर्थ असा. त्रयोदशीपासून पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंत ओहोटी दुपारी चार ते साडेपाचच्या सुमारास येते, म्हणजे संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी घट्ट वाळूचा रुंद पट्टा मोकळा असतो. द्वितीया-तृतीयेला हीच ओहोटी सकाळी साडेसात-आठच्या सुमारास मिळते. अष्टमीच्या आसपास मात्र सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा भरती असते. चालायला उरते ती भुसभुशीत वाळू. सहलीची तारीख ठरवताना सुट्ट्यांबरोबर तिथीही पाहिली, तर निम्मे काम झाले.

एक खबरदारी मात्र हवी. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असते. पाणी जितके दूर जाते, तितकेच आतवर परत येते. मागच्या भरतीने टाकलेल्या शिंपल्यांची आणि काटक्यांची एक रेघ वाळूवर दिसते. बसण्याच्या खुर्च्या नेहमी त्या रेघेच्या वर मांडाव्यात.

पहिला मान चिवल्याचा

या कसोट्या लावल्या, तर माझ्या मते पहिला क्रमांक चिवल्याचा. हा किनारा मालवण गावातच आहे. अर्धचंद्राकृती खाडीवजा आखात, समोर पाण्यात खडकांची रांग आणि त्यामुळे किनाऱ्यापर्यंत येता येता दमलेल्या लाटा. माडांच्या मागून रस्ता जातो आणि घरगुती निवासाच्या जागा पाण्यापासून जवळ आहेत. म्हणजे थकवा आला, उन्हाचा त्रास झाला किंवा लघवीची घाई झाली, तर खोली जवळ असते. ज्यांना दर दीड-दोन तासांनी स्वच्छतागृहाला जावे लागते, त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. तिच्या अभावी कित्येक जण सहलीत पाणी पिणेच सोडून देतात आणि संध्याकाळी चक्कर येऊन माझ्यासारख्याकडे येतात.

चिवल्यावर सकाळी लवकर गेले, तर कधी कधी रापण पाहायला मिळते. होडीतून अर्धवर्तुळात मोठे जाळे टाकतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून दोन बाजूंनी माणसे ओढत आणतात. हे काम घाईचे नाही. जाळे काठाला लागायला पुष्कळ वेळ लागतो. ओढणाऱ्यांत पांढऱ्या केसांची माणसेही असतात. खुर्चीवर बसून पाहण्याजोगे याहून सुंदर दृश्य मालवणात नाही. शेवटी जाळ्यात बांगडे, तारल्या उसळू लागतात, तेव्हा बघ्यांची गर्दी होते. त्या गर्दीत आणि दोरांच्या वाटेत मात्र ज्येष्ठांना उभे करू नये.

माझ्या एक रुग्ण, निवृत्त शिक्षिका, वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर आठ महिने घराचा उंबरठा ओलांडायला तयार नव्हत्या. सांधा व्यवस्थित जुळला होता. धसका मनात होता. मुलाने त्यांना तीन दिवसांसाठी चिवल्यावर नेले. पहिल्या संध्याकाळी त्या ओल्या वाळूवर बारा पावले चालल्या आणि खुर्चीवर बसल्या. तिसऱ्या संध्याकाळी चाळीस पावले झाली. शेवटची काही घोटाभर पाण्यातून. समुद्राने काही चमत्कार केला नाही. परंतु परत आल्यावर त्या रोज कोपऱ्यावरच्या देवळापर्यंत जाऊ लागल्या आणि तोल सांभाळण्याचे जे व्यायाम आम्ही सांगत होतो, ते मनापासून करू लागल्या. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही, असे काहीतरी त्या चाळीस पावलांनी केले होते.

दांडी, आणि दुरून दिसणारा सिंधुदुर्ग

मालवणला आल्यावर सिंधुदुर्ग पाहायचाच, असा आग्रह असतो. कुरटे बेटावरच्या या जलदुर्गाची पायाभरणी शिवाजी महाराजांनी १६६४ साली केली आणि सुमारे तीन वर्षांत तो उभा राहिला. बंदरावरून होडीने तिथे जाता येते. पावसाळ्यात ही फेरी बंद असते. होडीतला प्रवास थोडक्याच वेळाचा असतो. अवघड असतात ती दोन पावले : धक्क्यावरून हलत्या होडीत टाकायचे आणि होडीतून पुन्हा धक्क्यावर टाकायचे. आत गेल्यावर उंच-सखल पायऱ्या आणि बरीच चाल आहे. ज्यांना आधाराशिवाय एक मजला चढता येतो आणि चक्करेचा त्रास नाही, त्यांनी सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत जरूर जावे.

इतरांनी हळहळू नये. बंदरालगतच्या दांडी किनाऱ्यावरून किल्ल्याची तटबंदी समोर दिसते. किल्ल्याच्या बांधकामाचे भूमिपूजन जिथे झाले असे मानतात, तो मोरयाचा धोंडाही याच किनाऱ्यावर आहे. दांडी हा मासेमारीचा राबता किनारा आहे. होड्या, जाळी, दोर यांतून पायवाट काढावी लागते आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर शेवाळ असते. म्हणून खडकावर न चढता, कडेला बसून किल्ला पाहावा. आजोबांनी नातवंडांना किल्ल्याची गोष्ट सांगण्यासाठी ही जागा किल्ल्याच्या आतल्या जागेहूनही चांगली आहे. इथून तो पूर्ण दिसतो.

तारकर्ली, देवबाग, भोगवे

मालवणच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर तारकर्ली. पांढुरकी वाळू, सुरूचे बन आणि हिवाळ्यात तळ दिसावा असे नितळ पाणी, यामुळे याची कीर्ती सर्वदूर पसरली आहे. सौंदर्यात तो पहिला असेलही; आपल्या कसोटीवर मात्र मागे पडतो. लाटांना इथे चिवल्यासारखा आडोसा नाही, कोरड्या वाळूची चाल अधिक आहे आणि सुट्टीच्या दिवशी जलक्रीडेच्या बोटींचा गोंगाट असतो. तरीही तारकर्ली वगळू नये. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी आठच्या आत, ओहोटी साधून जावे आणि ऊन तापण्यापूर्वी परतावे. सुरूच्या सावलीत बसायचे असेल, तर घरून हातांची खुर्ची न्यावी.

पुढे देवबाग. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांत दडलेली घरे. शेवटी नदी आणि समुद्र यांचा संगम. संगमावर प्रवाहाला जोर असतो आणि वाळूचा तळ सतत बदलत असतो, म्हणून तिथे पाण्यात पाय घालू नये. हे तरुणांनाही लागू आहे. ज्येष्ठांनी देवबागला समुद्राची बाजू सोडून नदीची बाजू धरावी. तिथले पाणी संथ असते आणि एखाद्या अंगणात बसून तास सहज निघून जातो. होडीने फिरायचे असल्यास जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय पाऊल टाकू नये.

देवबागच्या समोर, नदीमुखापलीकडे भोगवे. होडीने हाकेच्या अंतरावरचा हा किनारा गाडीने गाठायचा, तर मोठा वळसा पडतो. पण त्या वळशाचे एक फळ आहे. भोगव्याला उतरणाऱ्या रस्त्यावरून खाली संगम, देवबागची हिरवी पट्टी आणि दोन्ही बाजूंचे पाणी एका नजरेत दिसते. ज्यांना एक पाऊलही चालणे शक्य नाही, त्यांना गाडीत बसून पाहता येईल असा हा समुद्र आहे. माझ्या मावशीला गुडघ्यांमुळे वाळूत उतरता येत नाही. ती दर वर्षी मालवणला आल्यावर सर्वांत आधी या जागेची चौकशी करते.

तोंडवळी आणि आचरा

उत्तरेच्या बाजूला तोंडवळी-तळाशीलची पट्टी गड नदी आणि समुद्र यांच्या मधून गेली आहे. इथे शांतता पुष्कळ, सोयी कमी. ज्यांना आपले आपण चालता येते आणि गर्दीचा त्रास होतो, त्यांनी इथे यावे; पाणी, खाणे आणि टोपी सोबत घेऊन.

त्याहून उत्तरेला आचरा. लांबलचक पुळण आणि गावात रामेश्वराचे जुने देवस्थान. आचऱ्याची गावपळण प्रसिद्ध आहे. दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सारा गाव गुराढोरांसह, कोंबड्यांसह वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री राहुट्यांत राहतो. वैद्य म्हणून मला त्यातली एक गोष्ट विशेष वाटते. गाव निघतो तेव्हा म्हातारी माणसे मागे राहत नाहीत. त्यांच्या चालीचा, बसण्याचा, निजण्याचा विचार करूनच निघायचे असते, कारण मागे कुणी राहायचे नाही, हाच नियम आहे. आपल्या सहलींना असा नियम घालून घ्यायला हरकत नाही.

सोबत जाणाऱ्यांसाठी

• आधार देताना हात धरून पुढे ओढू नये. ज्या बाजूचा पाय कमकुवत आहे त्या बाजूला, अर्धे पाऊल मागे राहावे. एक हात कोपराखाली, दुसरा कमरेशी. चालण्याचा वेग ज्येष्ठांनी ठरवावा.

• पायांत मागे पट्टा असलेले, रबरी तळाचे सँडल असावेत. सपाता वाळूत निसटतात. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी अनवाणी चालू नये. शिंपल्याची चीर किंवा तापलेल्या वाळूचा चटका त्यांना कळतही नाही. खोलीवर परतल्यावर पाय गोड्या पाण्याने धुऊन, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करून, तळवे उजेडात तपासावेत.

• ओल्या वाळूत प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय असमान रुततात आणि खुर्ची कलंडते. खाली एक रुंद फळी ठेवावी.

• सकाळी नऊच्या आत आणि दुपारी चारनंतरच बाहेर पडावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंगातले पाणी जात राहते. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी द्यावे. ज्यांना पाणी मोजून घ्यायला सांगितले आहे, त्यांनी मात्र ते प्रमाण पाळावे.

• लघवी वाढवणारी गोळी प्रवासासाठी परस्पर बंद करू नये. वेळ बदलता येईल का, हे आपल्या डॉक्टरांना विचारावे. इन्सुलिन उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नये. वाळूत चालल्याने साखर अचानक उतरू शकते. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पूड हवी.

• शहाळे बहुतेकांना चांगले; पण मूत्रपिंडाच्या विकारात पोटॅशियमवर बंधन असते, त्यांनी ते विचारूनच घ्यावे. खारवलेली, सुकी मासळी रक्तदाब आणि हृदयविकार असलेल्यांनी टाळावी. ताजा बांगडा, भात आणि कमी तिखटाची सोलकढी यांवर मालवणचा पाहुणचार सुखाने होतो.

• सूर्यास्त खुर्चीत बसून पाहावा, पण पाण्याच्या कडेला नव्हे, रस्त्याच्या बाजूला. सूर्य बुडाल्यावर अंधार लवकर पडतो आणि मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना वाळूतले खड्डे दिसत नाहीत.

• मालवणात ग्रामीण रुग्णालय आहे आणि जिल्हा रुग्णालय ओरोसला. रुग्णवाहिकेसाठी १०८. लांबच्या किनाऱ्यावर जाताना हे अंतर ध्यानात ठेवावे. अलीकडे हृदयविकाराचा झटका आलेला असेल, बसल्या जागी धाप लागत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा वारंवार चक्कर येत असेल, तर आधी आपल्या डॉक्टरांना भेटावे, मग तिकीट काढावे.

एवढे वाचून सहल म्हणजे मोठी उस्तवार आहे, असे वाटू नये. प्रत्यक्षात दोन दिवस, एकच किनारा, योग्य तिथी आणि एक मजबूत खुर्ची, इतकी तयारी पुरते. पाच किनारे एका दिवसात उरकणाऱ्या सहली ज्येष्ठांच्या नसतात. त्यांत त्यांना प्रत्येक ठिकाणी गाडीतच बसावे लागते. निघण्यापूर्वी त्यांना एवढेच विचारावे, पाण्यापर्यंत जायचे आहे का? उत्तर "हो" आले, तर बाकीची आखणी त्या "हो"भोवती करावी. पहिल्यांदा जात असाल, तर चिवला. चतुर्दशीच्या सुमारास, दुपारी साडेचार वाजता.